कॉम्प्युटर म्हातारा कधी होतो?

आमच्या घरातला मिक्सर अठरा वर्षांचा आहे. एकदा त्याचे कार्बन ब्रश बदलले, दोनदा भांड्याचं पातं बदललं, बाकी गडी ठणठणीत. मिक्सर म्हातारा होतो तो झिजून. शिलाई मशीन, सायकल, छताचा पंखा, सगळ्यांचं तेच. कॉम्प्युटरचं मात्र गणित वेगळं. २००४ साली असेम्बल करून घेतलेला पेंटियम फोर माळ्यावरून काढा, धूळ झटका, गरज पडली तर पॉवर सप्लाय बदला आणि चालू करा. पहिल्या दिवशी ज्या वेगानं बेरजा करायचा त्याच वेगानं तो आजही करेल. वर्ड उघडेल, सॉलिटेअरचे पत्ते मांडेल. फक्त ब्राउझर उघडून एखाद्या साइटचा पत्ता टाकलात की पांढरं फटक पान, नाहीतर 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' अशी पाटी.

मशीन तेच आहे, बदललंय ते तारेच्या पलीकडचं जग. मग हे मशीन म्हातारं झालं असं ठरवलं कोणी? आणि कुठल्या दिवशी? मी पोटापाण्यासाठी वेबसाइटी बनवतो, त्यामुळे असं ठरवणाऱ्यांच्या गर्दीत मीही कुठेतरी मागच्या रांगेत उभा असतो. म्हणून ह्या वीकेंडला म्हटलं, जरा मागे जाऊन ही भानगड मुळापासून लिहून काढू.

सुरुवात अर्थातच नेटस्केपपासून. नेटस्केप नॅव्हिगेटर डिसेंबर १९९४ मध्ये आला, मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर (ह्यापुढे नुसता आयई, टायपून बोटं दुखतात) ऑगस्ट १९९५ मध्ये. तेव्हा ब्राउझरचं नवं व्हर्जन घेणं हा एक कार्यक्रम असायचा. डायल-अपवर रात्रभर डाउनलोड लावायचं, किंवा कोणाकडून तरी सीडी मिळवायची. नवं घ्यायचं की नाही हे वापरणारा स्वतः ठरवायचा, आणि बहुतेक वेळा 'चाललंय ना, मग राहू दे' असंच ठरवायचा.

मायक्रोसॉफ्टनं ह्यावर जो तोडगा काढला तो सगळ्यांना माहीत आहे: ब्राउझर विंडोजलाच जोडून टाकला. त्यावरून मे १९९८ मध्ये अमेरिकन सरकारनं खटला भरला. जून २००० मध्ये न्यायाधीश जॅक्सन ह्यांनी कंपनीचे दोन तुकडे करा असा हुकूम दिला, आणि जून २००१ मध्ये अपील कोर्टानं तो रद्द केला. तोवर लढाई संपलेली होती. नेटस्केप ए.ओ.एल.नं विकत घेऊन टाकलं होतं. ऑगस्ट २००१ मध्ये आयई ६ आला आणि दोन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, तोच विंडोज एक्सपीच्या पोटात बसून घरोघरी पोचला. मी तेव्हा बालवाडीत होतो.

आता इथे आयई ६ ला चार शिव्या घालायची आमच्या धंद्यात पद्धत आहे. पण खरं सांगायचं तर २००१ साली तो चांगला ब्राउझर होता. ज्या एक्सएमएल-एचटीटीपी-रिक्वेस्टच्या जिवावर आजचं अख्खं वेब चालतं, म्हणजे पान पुन्हा लोड न करता सर्व्हरशी बोलायची सोय, ती १९९९ साली आयई ५ मध्ये पहिल्यांदा आली, तीही मायक्रोसॉफ्टच्याच आउटलुकवाल्यांच्या गरजेतून. गडबड आयई ६ जन्मल्यावर झाली. प्रतिस्पर्धी उरला नाही म्हटल्यावर काम थंडावलं. २००३ मध्ये तर कंपनीकडून असंही सांगितलं गेलं, की ह्यापुढे वेगळा ब्राउझर निघणार नाही, विंडोजच्या पुढच्या आवृत्तीबरोबरच येईल. आणि ती पुढची आवृत्ती, म्हणजे व्हिस्टा, लांबत लांबत जानेवारी २००७ वर गेली. आयई ७ आला ऑक्टोबर २००६ मध्ये. पाच वर्षं! वेबच्या दुनियेत तेव्हाची पाच वर्षं म्हणजे एक पिढी.

ह्या पाच वर्षांत जगभरच्या कंपन्यांनी, बँकांनी आणि सरकारी खात्यांनी आपापली कामं कॉम्प्युटरवर आणली, आणि ती सगळी आयई ६ च्या मापानं शिवली. ॲक्टिव्हएक्स नावाचे छोटे प्रोग्राम ब्राउझरमध्ये चिकटवायचे, ते दुसरीकडे कुठेच चालायचे नाहीत. दक्षिण कोरियाचं उदाहरण बघण्यासारखं आहे. १९९०च्या दशकात अमेरिका बळकट एन्क्रिप्शन देशाबाहेर जाऊ देत नव्हती, म्हणून कोरियानं स्वतःचं 'सीड' नावाचं एन्क्रिप्शन बनवलं. ते ब्राउझरमध्ये नव्हतं, म्हणून ॲक्टिव्हएक्समधून घातलं. पुढे अमेरिकेनं २००० साली निर्बंध सैल केले, मूळ कारण गेलं, पण व्यवस्था राहिली. तिथे ऑनलाइन बँकिंग म्हणजे आयई हे समीकरण त्यानंतर कित्येक वर्षं सुटलं नाही.

आपल्याकडे दोन गोष्टी आणखी वेगळ्या होत्या.

पहिली, पायरेटेड विंडोज. गल्लीतल्या दुकानातून असेम्बल केलेल्या मशीनवर विंडोजचे वेगळे पैसे कोण देत होतं? कोणीतरी सीडी घेऊन यायचा आणि टाकून द्यायचा. आयई ७ आला तेव्हा तो फक्त अस्सल विंडोजवर चढायचा. इन्स्टॉल करताना तपासणी व्हायची. ही अट मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २००७ मध्ये काढली. पण तपासणीच्या भीतीनं लोकांनी ऑटोमॅटिक अपडेट जी बंद करून ठेवली ती ठेवलीच. अशी मशीनं आयई ६ वरच अडकून पडली, आणि सुरक्षेचे पॅच नाहीत म्हणून व्हायरसचं माहेरघर झाली ते वेगळंच.

दुसरी गोष्ट म्हणजे आपली लिपी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण घरच्या पीसीवर ती नीट दिसायला फार वेळ लागला. मंगल फॉन्ट विंडोज २००० बरोबर आला. एक्सपीमध्ये सोय होती, पण कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या चौकोनात टिक करावी लागायची, आणि टिक केली की ते शहाणं एक्सपीची सीडी मागायचं. सीडी नसली तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले. ही कटकट टाळायला बऱ्याच मराठी वर्तमानपत्रांनी वेगळा मार्ग धरला होता: स्वतःचा फॉन्ट, स्वतःचं कोडिंग, आणि तो फॉन्ट पानाबरोबर आपोआप उतरवणारं मायक्रोसॉफ्टचं ईओटी तंत्र. आयईमध्ये पान झकास दिसायचं. फायरफॉक्समध्ये तेच पान म्हणजे रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. त्या काळात कितीतरी मराठी माणसांच्या कॉम्प्युटरवर दोन ब्राउझर असायचे, एक जगासाठी आणि एक मराठी पेपरासाठी. म्हणजे जुना ब्राउझर सोडत नाहीत म्हणून ज्यांना नावं ठेवली जायची, त्यांतल्या काहींचं कारण आळस नव्हतं. दुसऱ्या ब्राउझरमध्ये त्यांची भाषा दिसत नव्हती.

इकडे वेबसाइट बनवणाऱ्यांचे हाल सुरू होते. आमच्या हापिसातले सीनियर लोक आजही त्या आठवणी युद्धकथेसारख्या सांगतात. फ्लोट केलेल्या डब्याचा समास आयई ६ दुप्पट करायचा. पारदर्शक पीएनजी चित्राच्या मागे राखाडी-निळसर ठोकळा दिसायचा. एकच साइट दोनदा बनवावी लागायची, एकदा सगळ्यांसाठी आणि एकदा ह्या महाशयांसाठी.

मग वारं फिरलं. ९ नोव्हेंबर २००४ ला फायरफॉक्स १.० आला. सप्टेंबर २००८ मध्ये गूगलनं क्रोम आणला, आणि माझ्या मते क्रोमचा वेग ही त्याची दोन नंबरची गोष्ट होती. एक नंबरची गोष्ट ही, की तो विचारत नव्हता. पाठीमागे गुपचूप नवं व्हर्जन उतरवायचं, पुढच्या वेळी उघडलं की बदललेलं. २०१० पासून तर दर सहा आठवड्यांनी नवं व्हर्जन यायला लागलं, आणि २०११ मध्ये फायरफॉक्सनंही तोच मार्ग धरला. 'चाललंय ना, मग राहू दे' म्हणायची संधीच कोणाला ठेवली नाही.

आयई ६ च्या शेवटाचा किस्सा तर सिनेमात शोभावा असा आहे. २००९ मध्ये यूट्यूबवर काही इंजिनियर लोकांनी आयई ६ वापरणाऱ्यांना एक पट्टी दाखवायला सुरुवात केली: तुमच्या ब्राउझरचा सपोर्ट आम्ही लवकरच बंद करतोय. वरच्या कोणाला विचारलं नव्हतं. त्यांच्यातल्या क्रिस झकारायस ह्यानं दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, ही सगळी कहाणी लिहिली; महिन्याभरात यूट्यूबवरचे आयई ६ वाले निम्म्यावर आले असं तो सांगतो. जानेवारी २०१० मध्ये गूगलनं आपल्यावर मोठा सायबर हल्ला झाल्याचं जाहीर केलं, त्यात आयईमधलं भोक वापरलं गेलं होतं. जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी यंत्रणांनी लोकांना सांगितलं, तूर्तास दुसरा ब्राउझर वापरा. मार्च २०१० मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या एका डिझाइन कंपनीनं आयई ६ ची चक्क अंत्ययात्रा काढली आणि मायक्रोसॉफ्टनं फुलं पाठवली! मार्च २०११ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनंच आयई ६ संपवण्याची मोहीम उघडली. तेव्हा त्यांच्याच आकड्यांनुसार जगात १२ टक्के लोक आयई ६ वर होते, चीनमध्ये ३४.५ टक्के.

सगळे टाळ्या वाजवत असताना एकानं मात्र नाही म्हटलं. लोकांनी केलेल्या अर्जाला उत्तर देताना २०१० मध्ये ब्रिटिश सरकार म्हणालं, की लाखो मशीनं आणि त्यांवरचे प्रोग्राम पुन्हा तपासणं फार खर्चाचं आहे, बऱ्याच ठिकाणी आयई ६ वर राहणंच स्वस्त पडतं. तेव्हा जगभरच्या डेव्हलपर मंडळींनी कपाळावर हात मारून घेतला. मला तो निर्णय चुकीचाच वाटतो, पण त्यात एक खरी गोष्ट होती: बदलाचं बिल कोणीतरी भरतंच. आयई ६ नं आपल्याला अपडेट न करण्याचं बिल किती येतं ते दाखवलं. अपडेट करण्याचंही बिल असतं हे दिसायला आणखी काही वर्षं जावी लागली.

ते कसं, बघा.

मार्च २०११ मध्ये आयई ९ आला. तो एक्सपीवर चालतच नव्हता, व्हिस्टा किंवा विंडोज ७ हवं. कारण दिलं ते ग्राफिक्सचं. नवा ब्राउझर विंडोजच्या ज्या भागावर उभा होता तो एक्सपीत नव्हता. म्हणजे एक्सपीवाल्याला आयई ८ वरच थांबायचं होतं. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. पण गंमत अशी, की क्रोम एक्सपीवर एप्रिल २०१६ पर्यंत अपडेट होत राहिला आणि फायरफॉक्स २०१८ पर्यंत. म्हणजे ज्या कंपनीनं मशीनची सिस्टिम बनवली तिनं हात काढून घेतल्यावरही परक्यांच्या ब्राउझरनं त्या मशीनला आणखी दोन-चार वर्षं वेबवर जगवलं.

हे शक्य झालं त्यामागे एक साधं कारण आहे. बँकेची किंवा कुठलीही कुलूपवाली साइट उघडते तेव्हा ब्राउझर आणि सर्व्हर आधी एक सांकेतिक बोली ठरवतात, तिचं नाव टीएलएस. आयई ही बोली विंडोजकडून उसनी घेतो, आणि एक्सपीला तिची १.० ही जुनीच आवृत्ती येत होती. फायरफॉक्स स्वतःची बोली आणि विश्वासू सर्टिफिकेटांची यादी स्वतःच्या पिशवीत घेऊन फिरतो. म्हणून एक्सपीवरचा आयई जिथे दारात अडकायचा तिथे एक्सपीवरचा फायरफॉक्स आत जायचा. ह्या सगळ्या इतिहासातून मला मिळालेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच: ब्राउझर सिस्टिमपासून जितका सुटा, तितकं मशीनचं आयुष्य जास्त. १९९८ चा तो खटला बाजारातल्या स्पर्धेबद्दल होता, पण ब्राउझर विंडोजला जोडण्याचा खरा भुर्दंड पुढे जुन्या मशीनवाल्यांनी भरला.

पण सुटेपणालाही मर्यादा असते. कधी प्रोसेसर आडवा येतो. २०१४ मध्ये क्रोमनं आणि २०१६ मध्ये विंडोजवरच्या फायरफॉक्सनं एसएसई२ नावाच्या सूचना येणारा प्रोसेसर हवाच असं ठरवलं. पेंटियम ३ आणि एएमडीचा ॲथलॉन एक्सपी दोघांनाही त्या येत नाहीत. झालं, एका व्हर्जनच्या फरकानं ती मशीनं बाहेर. कधी सर्टिफिकेट आडवं येतं. ३० सप्टेंबर २०२१ ला एका मूळ सर्टिफिकेटची मुदत संपली, ज्याच्या आधारावर 'लेट्स एन्क्रिप्ट'ची फुकट सर्टिफिकेटं जुनी यंत्रं मान्य करत होती. काल उघडणाऱ्या साइटी बऱ्याच जुन्या यंत्रांवर आज उघडेनात. एकही स्क्रू हलला नव्हता, फक्त तारीख उलटली होती.

आता तुम्ही म्हणाल, मग काय सगळ्यांनी २००४ च्या मशीनला जन्मभर सांभाळत बसायचं? नाही. टीएलएसचं जुनं व्हर्जन चालू ठेवणं म्हणजे घराला मोडकं कुलूप लावणं. ते २०२० मध्ये मोठ्या ब्राउझरांनी बंद केलं ते बरोबरच केलं. प्रत्येक जुन्या प्रोसेसरसाठी वेगळी चाचणी करायची तर माणसं आणि पैसे लागतात. ही कारणं खोटी नाहीत.

पण मधला मार्ग काढणारेही होऊन गेले. ॲपलनं २००५ मध्ये इंटेल प्रोसेसरवर जायचं जाहीर केलं, आणि २०११ मध्ये फायरफॉक्स ४ नं जुन्या पॉवरपीसी मॅकना सोडलं. तेव्हा कॅमेरॉन कायझर नावाच्या माणसानं फायरफॉक्सचा कोड घेऊन 'टेनफोरफॉक्स' बनवला आणि २०२१ पर्यंत, दहा वर्षं, त्या मॅकवाल्यांसाठी तो चालवला. दुसरं उदाहरण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या खिशात होतं: ऑपेरा मिनी. २००६ पासून जगभर मिळायला लागलेला हा ब्राउझर पान आपल्या सर्व्हरवर उघडायचा, पिळून छोटं करायचा आणि फोनला पाठवायचा. जड काम सर्व्हरचं, फोननं फक्त दाखवायचं. त्याच्या सेटिंगमध्ये एक आडवाटेचा पर्याय होता: अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरा. तो चालू केला की मराठीचा एकही फॉन्ट नसलेल्या स्वस्तातल्या जावा फोनवर मराठी मजकूर चित्राच्या रूपात यायचा, वेलांट्या आणि जोडाक्षरांसकट. एक्सपीनं ज्यासाठी सीडी मागितली ते काम एका सेटिंगनं केलं! फोन म्हातारा आहे असं न म्हणता ओझं दुसऱ्या खांद्यावर घेतलं, इतकंच.

आता माझ्या मागच्या रांगेकडे येतो. आजच्या बहुतेक वेब प्रोजेक्टमध्ये ब्राउझर्सलिस्ट नावाची एक सेटिंग असते. आपला कोड किती जुन्या ब्राउझरांना समजेल असा करायचा ते ती ठरवते. तिचा आयता नियम साधारण असा: जगात अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त वापर असलेले ब्राउझर, प्रत्येकाची शेवटची दोन व्हर्जन्स, फायरफॉक्सची दीर्घ मुदतीची आवृत्ती, आणि जे 'मेलेले नाहीत' असे. हो, शब्द तोच आहे, मेलेले! ज्याला चोवीस महिने अधिकृत अपडेट नाही तो मेला. प्रोजेक्ट सुरू करताना ही ओळ आपोआप येते, आणि माझ्या अनुभवात तिच्याकडे फारसं कोणी वळून बघत नाही.

अर्धा टक्का ऐकायला काहीच वाटत नाही. पण समजा एखाद्या साइटवर वर्षाला दोन कोटी लोक येतात. त्यांचा अर्धा टक्का म्हणजे एक लाख माणसं. आणि ती एक लाख माणसं सगळ्या थरांत सारखी वाटलेली नसतात. ज्याला दर तीन वर्षांनी कंपनीचा नवा लॅपटॉप मिळतो तो त्यात नसतो. त्यात असते एखाद्या शाळेची लॅब, तालुक्याच्या गावातलं फॉर्म भरून देणारं दुकान, मुलानं टाकून दिलेला लॅपटॉप वापरणारे वडील. ज्याला त्या साइटची गरज जास्त, तोच गळायची शक्यता जास्त. शिवाय तो तक्रार करणार नाही. त्याच्यासमोर पांढरं पान असतं, तक्रारीचं बटणसुद्धा उमटलेलं नसतं.

हा जुना इतिहास झाला असंही समजू नका. विंडोज ७ वर चालणारा शेवटचा क्रोम जानेवारी २०२३ चा, व्हर्जन १०९. आयई १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप आणि ठरावीक पिढीच्या पुढचाच प्रोसेसर लागतो. म्हणजे चांगले चालते लॅपटॉप, २०१५-१६ साली घेतलेले, आता त्याच रांगेत आलेत जिथे २०१४ मध्ये एक्सपीची मशीनं होती. त्यांचं वेबवरचं आयुष्य किती, हे ह्यापुढे मुख्यतः ब्राउझर बनवणारे ठरवतील. आणि काही अंशी आम्ही, त्या एका ओळीत.

मी अलीकडे नव्या प्रोजेक्टवर तीन गोष्टी करतो. ती ओळ उघडून सगळ्या टीमसमोर वाचतो आणि कोण गळतंय त्याचा आकडा टक्क्यांत न सांगता माणसांत सांगतो. जिथे फक्त मजकूर आणि साधा फॉर्म आहे, तिथे तो जावास्क्रिप्ट नसतानाही चालेल असा आग्रह धरतो. २००३ मध्ये स्टीव्हन चॅम्पियन आणि निक फिंक ह्यांनी ह्या विचाराला 'प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट' असं नाव दिलं: आधी सगळ्यांना मिळेल असा साधा पाया, वरची सजावट ज्याला झेपेल त्याला. आणि जिथे खरंच जमत नाही, तिथे पांढऱ्या पानाऐवजी निदान साध्या मराठीत दोन ओळी: तुमच्या ब्राउझरवर हे चालणार नाही, त्याऐवजी ह्या नंबरवर फोन करा. मॅनेजर दर वेळी विचारतो, ह्याला किती तास लागतील. पहिल्या गोष्टीला अर्धा तास, तिसरीला दीड. मधलीवर दर वेळी वाद होतो, आणि निम्म्या वेळा मी हरतो.

असो. सोमवारी पुन्हा एक नवा प्रोजेक्ट सुरू होतोय. ओळ वाचायची आहे.